खूप पळालेली जुनी गाडी, त्यात इंजिनाची शंका: घ्यायची तर कशी तपासून घ्यायची

दीड-दोन लाख किलोमीटर झालेली गाडी, बाहेरून चकाचक, किंमत बाजारापेक्षा बरीच कमी आणि मालक म्हणतोय "इंजिनाचा थोडा आवाज येतो, बाकी काही नाही, छोटंसं काम आहे". अशी गाडी समोर आली की पहिला प्रश्न मनात हाच यायला पाहिजे की बाबा छोटंसं काम आहे तर विकायच्या आधी करून का नाही घेतलंस, काम करून विकली असती तर जास्तच पैसे आले असते की. याचं उत्तर कधीकधी खरंच साधं असतं, वेळ नसतो, पैशाची घाई असते, वारसात आलेली गाडी असते. पण बऱ्याचदा कुठल्यातरी मेकॅनिकने आकडा सांगितलेला असतो आणि तो ऐकूनच गाडी विकायला काढलेली असते.

मी पहिली जुनी गाडी घेतली तेव्हा मालक म्हणाला तुम्हाला कशाला त्रास, मीच घेऊन येतो दाखवायला. मला काय भारी वाटलं, किती चांगला माणूस. गाडी आली ती गरम होऊनच आली, मस्त चालली, मी घेतली. तिसऱ्या आठवड्यात तापमानाचा काटा वर, हेड गॅस्केट (इंजिनाचा ब्लॉक आणि त्याच्यावरचं हेड यांच्यामधलं सील) गेलेलं, हेड वाकलेलं, आणि दुरुस्तीचं बिल गाडीच्या किमतीच्या जवळपास. नाकापेक्षा मोती जड. तेव्हापासून दुधाने तोंड पोळलेल्यासारखा मी ताकही फुंकून पितो आणि थंड इंजिन बघितल्याशिवाय गाडीला हात लावत नाही. नवीन लोकांसाठी हे सगळं त्याच क्रमाने लिहितोय ज्या क्रमाने मी स्वतः करतो.

घरून निघायच्या आधी

फोनवर विचारायच्या गोष्टी: गाडी तुमच्याकडे किती वर्षं आहे, शेवटचं ऑइल कधी बदललं, कधी ओव्हरहीट झाली होती का, इंजिन कधी उघडलंय का, टायमिंग बेल्ट आहे की चेन आणि बेल्ट असेल तर कधी बदलला. उत्तरांपेक्षा उत्तर देण्याची पद्धत जास्त सांगून जाते. ज्याने गाडी जपलीये तो "थांबा, बिल बघून सांगतो" म्हणतो. आणि शेवटी एवढंच सांगायचं की मी येईपर्यंत गाडी चालू करू नका, मला थंड स्टार्ट बघायचाय. यावर कुरकुर झाली तर तिथेच अर्धं उत्तर मिळालं समजा.

टायमिंग बेल्टचा प्रश्न नुसता औपचारिक नाहीये, व्हॉल्व्ह आणि पिस्टनची हालचाल एका तालात ठेवतो तो हाच. बेल्ट बदलायची मुदत इंजिनाप्रमाणे साधारण ६०,००० ते १,५०,००० किमीच्या मध्ये कुठेतरी असते आणि सोबत वर्षांचीही मर्यादा असते, कारण रबर नुसतं उभं राहूनही म्हातारं होतं. बऱ्याच इंजिनांत बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आपटतात आणि चालतं इंजिन एका सेकंदात भंगार. बिल दाखवता येत नसेल तर बेल्ट बदललेलाच नाही असं धरून चालायचं आणि तो खर्च, वॉटर पंपासकट, किमतीतून वजा करायचा. मालक कितीही शपथा घेवो.

आणि किलोमीटरच्या आकड्याला फार घाबरू नका, फार भुलूही नका. साधा हिशोब आहे, हायवेवर सरासरी ६० च्या स्पीडने २ लाख किमी झालेल्या गाडीचं इंजिन साधारण ३,३०० तास फिरलंय, आणि गर्दीत सरासरी २० ने ८०,००० झालेल्या गाडीचं ४,००० तास. म्हणजे कमी पळालेली गाडीच जास्त झिजलेली असू शकते, त्यात वर थंड स्टार्ट जास्त, क्लच जास्त, आयडलिंग जास्त. गाडी कुठे आणि कशी पळाली ते विचारा.

थंड इंजिन

पोचल्यावर गप्पा नंतर, आधी बोनेटवर हात. मग बोनेट उघडून रेडिएटरच्या वरच्या होजला हात लावा. कोमट लागलं तर गाडी आधीच फिरवून आणलीये, "दुसरं गिऱ्हाईक बघून गेलं" असं सांगतील, असेलही खरं, तुम्ही म्हणा ठीक आहे उद्या सकाळी येतो.

थंड असेल तर डिपस्टिक काढा, पुसा, परत घाला, परत काढा. लेव्हल किती ते बघा, मिनिममच्या खाली असेल तर एकतर गाडी ऑइल पिते किंवा मालक बघतच नाही, दोन्ही वाईट. ऑइल काळं असणं हा दोष नाही, विशेषतः डिझेलमध्ये ते बदलल्यावर लगेच काळं होतं. बोटावर घेऊन चोळा, कचकच लागायला नको, चकाकणारे धातूचे कण दिसायला नकोत, पेट्रोल-डिझेलचा उग्र वास यायला नको. ऑइल मधासारखं घट्ट वाटलं तर सावध, आवाज आणि धूर दाबायला जाड ऑइल किंवा त्यात ॲडिटिव्ह ओतणं ही फार जुनी युक्ती आहे.

मग ऑइल भरायचं झाकण उलटं करून बघा. आतून पिवळसर मलईसारखा थर असेल तर पाणी ऑइलमध्ये जातंय. पण इथे लगेच घाबरायचं नाही, फक्त छोट्या छोट्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत नुसत्या ओलाव्यानेही झाकणाला असा थर येतो. झाकणाला मलई पण डिपस्टिक स्वच्छ असेल तर बहुतेक ओलावा. डिपस्टिकवरही कॉफीसारखं ऑइल असेल तर मात्र हेड गॅस्केट, हेडला क्रॅक किंवा ऑइल कूलर, तिथून सरळ निघायचं.

कूलंटचं झाकण फक्त थंड असतानाच उघडायचं. गरम सिस्टीम प्रेशरमध्ये असते, आतलं पाणी १०० अंशाच्या वर असूनही उकळलेलं नसतं, झाकण फिरवलं की एका क्षणात वाफ होऊन अंगावर येतं, लोकांचे चेहरे भाजलेत असे. आत कूलंट स्वच्छ रंगाचं हवं. गंजलेलं तांबूस पाणी म्हणजे वर्षानुवर्षं कूलंटऐवजी नुसतं पाणी ओतलंय. वर ऑइलचा तवंग, किंवा तळाला चमचमणारा तपकिरी गाळ दिसला तर गळती बंद करायचं केमिकल टाकलेलं असण्याची शक्यता आहे, आणि ते कोणी उगाच टाकत नाही.

गाडीखाली वाकून बघा, उभी असायची त्या जागेवर डाग आहेत का. आणि इंजिन नुकतंच धुऊन चकचकीत केलेलं असेल तर माझ्या मते तो गुण नाही, गळती कुठून होती ते पुसून टाकलंय. मला धुळकट, पण कोरडं इंजिन जास्त आवडतं.

आता चावी ऑन करा, स्टार्ट नाही. चेक इंजिनचा दिवा आणि ऑइलचा लाल दिवा लागलाच पाहिजे. लागलाच नाही तर बल्ब काढलेला किंवा वायर कापलेली असू शकते, म्हणजे दिवा कायम जळत असणार.

सेल्फ मारताना एक माणूस मागे सायलेन्सरपाशी उभा करा, तुम्ही बोनेटपाशी, आणि चावी मालकाला मारू द्या. पहिले पाच सेकंद फार महत्त्वाचे. ऑइलचा दिवा दोन-तीन सेकंदांत विझायला हवा. पण विझला म्हणजे सगळं छान असंही नाही, हा दिवा साधारण अर्ध्या बारच्याही खाली प्रेशर गेल्यावरच लागतो, म्हणजे ऑइल पंप आणि बेअरिंगं बरीच झिजली तरी तो शांत बसलेला असतो. चेनवाल्या इंजिनात सुरुवातीला खर्रर्र असा साखळी घासल्यासारखा आवाज येऊन एक-दोन सेकंदांत थांबला तर चेन ताणून धरणारा टेन्शनर थकलाय किंवा चेन लांबलीये. थांबलाच नाही तर काम जवळ आलंय, आणि चेनचं काम बेल्टपेक्षा बरंच महाग असतं.

धुराचा रंग

यावर लोक खूप घोळ करतात म्हणून थोडं सविस्तर. थंडीत सकाळी पांढरी वाफ निघते आणि इंजिन तापल्यावर गायब होते, ती फक्त वाफ, सायलेन्सरमधून पाण्याचे थेंबही पडतात, काही नाही त्यात. इंजिन पूर्ण गरम झाल्यावरही दाट पांढरा धूर येत राहिला आणि त्याला गोडसर वास असेल तर कूलंट जळतंय.

निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. पण कधी येतो ते बघा. रात्रभर उभी राहून स्टार्ट केल्यावर एक निळा फुगा येऊन नंतर साफ, किंवा उतारावर गिअरमध्ये ॲक्सिलरेटर सोडून आल्यावर परत पाय दिला की मागे निळा ढग, तर व्हॉल्व्ह सील किंवा गाइड. हे काम त्यामानाने आटोपशीर. जोर देताना, चढावर, सतत निळा धूर येत असेल तर पिस्टनच्या रिंगा गेल्यात, म्हणजे इंजिन उघडणं आलं. टर्बोवाल्या गाडीत टर्बोचे सील गेले तरी असाच धूर येतो, म्हणून टर्बोचा हवेचा पाइप काढून आत किती ऑइल साचलंय ते मेकॅनिककडून बघून घ्या, नुसता ओलसरपणा चालतो, ऑइल ओतता येईल इतकं असेल तर नाही.

काळा धूर म्हणजे इंधन जास्त किंवा हवा कमी. एअर फिल्टर, सेन्सर, इंजेक्टर, डिझेलमध्ये ईजीआर (धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह). एअर फिल्टरपर्यंत असेल तर हसत घ्या, डिझेलचे इंजेक्टर असतील तर आकडा विचारून मग हसा.

आवाज

नवीन माणसाला सगळेच आवाज भयानक वाटतात. ओळखायची सोपी खूण अशी की कॅमशाफ्ट क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, त्यामुळे वरच्या भागातला टॅपेटचा आवाज हलका आणि तुलनेने संथ टिक-टिक असा येतो, बऱ्याचदा इंजिन तापल्यावर कमी होतो. खालून येणारा जड ठक-ठक, हातोडीने मारल्यासारखा, रेस दिल्यावर आणि लोडवर वाढणारा, तो कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगचा. टिक-टिक वर बोलणी करता येतात. ठक-ठक ऐकला की मी चावी परत देतो, कारण ते इंजिन आता दिवस मोजतंय आणि रॉड ब्लॉक फोडून बाहेर आला तर दुरुस्त करायला काही उरत नाही. मालक म्हणेल टॅपेटच आहे हो. फोनवर आवाज रेकॉर्ड करा आणि कळणाऱ्या माणसाला ऐकवा.

इंजिन चालू असताना ऑइलचं झाकण सैल करून तसंच वर ठेवून बघायची एक रीत आहे, झाकण नाचायला लागलं आणि फकफक धूर आला तर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, रिंगांमधून खाली गळतंय. जुन्या डिझेलला ही युक्ती चांगली लागू पडते. नवीन पेट्रोल इंजिनांत मात्र झाकण काढलं की आयडलिंग बिघडतं, ते नॉर्मल आहे, त्यावरून निकाल देऊ नका.

चालवून बघणं

गल्लीत एक चक्कर म्हणजे ट्रायल नव्हे. किमान अर्धा-पाऊण तास, त्यात जोरात पळवायचा रस्ता, एखादा चढ, आणि शेवटी एसी लावून दहा मिनिटं एका जागी उभी. ओव्हरहीटिंग याच दहा मिनिटांत उघडं पडतं, कारण उभ्या गाडीला वारा नसतो, सगळी भिस्त फॅनवर. काट्यावर पूर्ण विश्वास नको, बऱ्याच नव्या गाड्यांत काटा मुद्दाम मधे रोखून धरलेला असतो, साधारण ७५ ते ११० अंशांपर्यंत तो हलतच नाही आणि हलला तेव्हा उशीर झालेला असतो. खरं तापमान स्कॅनरवर दिसतं.

क्लचसाठी वरच्या गिअरमध्ये कमी स्पीडला असताना एकदम पाय द्या, आरपीएम वर गेला आणि गाडी तिथेच तर क्लच घसरतोय. ऑटोमॅटिक असेल तर रिव्हर्समध्ये आणि ड्राइव्हमध्ये टाकल्यावर गिअर धरायला किती वेळ लावते, झटका देते का ते बघा, ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं काम इंजिनापेक्षाही भारी पडू शकतं. ब्रेक, स्टिअरिंग, सस्पेन्शन तर बघालच, त्यात लपवण्यासारखं फार नसतं.

परत आल्यावर परत एकदा गाडीखाली बघा. गरम ऑइल पातळ होतं, थंडपणी न गळणारं आता गळतं. दहा मिनिटं बंद ठेवून परत सेल्फ मारा, गरम असताना स्टार्ट व्हायला त्रास देणाऱ्या गाड्या असतात.

स्कॅनर

ओबीडीचा सॉकेट, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचायला स्कॅनर जोडायची जागा, बहुतेक स्टिअरिंगच्या खाली असतो. अमेरिकेत १९९६ पासून आणि युरोपात पेट्रोल गाड्यांना २००१ पासून तो सक्तीचा झाला, त्यामुळे त्यानंतरच्या बऱ्याच गाड्यांत सापडेल. स्वस्तातला ब्लूटूथ स्कॅनर आणि फोनवरचं ॲप एवढंच पुरतं. कोड आला तर लिहून घ्या, उदाहरणार्थ पी०३०० म्हणजे मिसिंग (सिलिंडरमध्ये इंधन नीट न पेटणं) आहे पण कुठला सिलिंडर ते नक्की नाही, पी०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये, पी०४२० म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (सायलेन्सरच्या वाटेतला धूर साफ करणारा भाग) नीट काम करत नाहीये.

पण कोड नसणं हे जास्त संशयास्पद असू शकतं. कोड पुसायला एक बटण पुरतं. पुसल्यावर गाडीच्या आतल्या स्वतःच्या तपासण्या, ज्यांना रेडिनेस मॉनिटर म्हणतात, त्या अपूर्ण दिसतात आणि पूर्ण व्हायला बरंच वेगवेगळ्या प्रकारचं चालवणं लागतं. शिवाय कोड पुसल्यापासून किती किमी चालली हा आकडाही अनेक गाड्या देतात. तो आकडा १२ किमी असेल आणि मालक "दिवा कधी लागलाच नाही" म्हणत असेल तर तुमचं तुम्ही समजून घ्या. बॅटरी काढली तरी असं होतं, तर विचारा, उत्तर ऐका, दोन-चार दिवसांनी परत स्कॅन करा.

ओडोमीटर खरा आहे का

आकडा मागे घेणं अवघड नाही, म्हणून आजूबाजूला बघायचं. पेडलचं रबर, स्टिअरिंगची झळाळी, ड्रायव्हरच्या सीटची कड, गिअरचा नॉब. ६०,००० किमीच्या गाडीत पेडल गुळगुळीत होत नाहीत. टायरवर चार आकडी तारीख असते, २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. सर्व्हिसच्या बिलांवरचे किमी चढत्या क्रमाने जुळतात का ते बघा.

मेकॅनिककडे न्यायचं, आणि तो तुमचा हवा

इथपर्यंत गाडी टिकली तर पैसे खर्च करून तपासणी करा, मालकाच्या ओळखीच्या गॅरेजमध्ये नाही. कॉम्प्रेशन टेस्ट सांगा. पेट्रोलला साधारण १० ते १३ बार, डिझेलला २० च्या पुढे, नेमका आकडा त्या इंजिनाच्या मॅन्युअलप्रमाणे. त्याहून महत्त्वाचं म्हणजे सिलिंडरमधला फरक, दहा टक्क्यांच्या आत हवा. १२, १२, ११.५ आणि ७ असे आकडे आले तर त्या ७ वाल्यात चमचाभर ऑइल टाकून परत टेस्ट करतात (हे पेट्रोल इंजिनात), आकडा चढला तर रिंगा, नाही चढला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम कमी असतील तर त्यांच्यामधलं हेड गॅस्केट गेल्याचा संशय पक्का होत जातो. गॅस्केटची शंका असेल तर कूलंटच्या वाफेवर निळं केमिकल लावून टेस्ट करतात, ते पिवळं झालं तर सिलिंडरमधला गॅस पाण्यात मिसळतोय. मालक या टेस्टला नाही म्हणाला तर भांडायचं नाही, नमस्कार करून निघायचं.

किंमत कशी ठरवायची

माझी पद्धत सोपी आहे. सगळ्या तपासण्यांनंतर जे काही नक्की कळलेलं नाही त्यातलं सगळ्यात वाईट खरं आहे असं धरायचं. मेकॅनिककडून त्या वाईटाचं लेखी एस्टिमेट घ्यायचं, वर वीस-पंचवीस टक्के धरायचे कारण इंजिन उघडल्यावर आत अजून काहीतरी निघतंच, त्यात मागितलेली किंमत मिळवायची. ही बेरीज त्याच मॉडेलच्या, त्याच वर्षाच्या चांगल्या चालू गाडीच्या किमतीच्या जवळ गेली तर चांगलीच गाडी घ्या ना, कशाला डोक्याला ताप. बेरीज बरीच खाली राहिली तर एस्टिमेट मालकासमोर ठेवा आणि बोला, कागद असला की आवाज चढवावा लागत नाही. "दुसरं इंजिन टाकू" हा सल्ला मिळाला तर लक्षात ठेवा की ते इंजिनही कुठल्यातरी गाडीतून निघालेलं आहे, त्याचीही कॉम्प्रेशन टेस्ट लागतेच.

मी स्वतः कारण सापडलेला बिघाड घेतो. कॉइल गेलीये म्हणून मिसिंग आहे, थर्मोस्टॅट अडकलाय, व्हॉल्व्ह कव्हरचं गॅस्केट गळतंय, असल्या गाड्या उलट चांगल्या पडतात कारण बाकीची गिऱ्हाइकं दिवा बघूनच पळालेली असतात. पण रोज कामावर जायला तुमच्याकडे ही एकच गाडी असणार असेल तर शंकेची गाडी घेऊ नका, कितीही स्वस्त असो, कारण ती गॅरेजमध्ये पंधरा दिवस पडून राहिली तर तुम्ही कशाने जाणार.

घेतलीच तर पहिल्या आठवड्यात ऑइल, ऑइल फिल्टर, एअर फिल्टर आणि कूलंट बदला, ऑइल मॅन्युअलमध्ये लिहिलंय त्याच ग्रेडचं. जाड ऑइलने काही लपवलं असेल तर तेही याच वेळी बाहेर येतं. जुनं ऑइल काढताना फिल्टर कापून आत धातूचा चुरा आहे का ते बघायला सांगा. मग एका वहीत दर ५०० किमीला डिपस्टिकची लेव्हल लिहीत जा. पहिल्या दोन हजार किमीत किती ऑइल टाकावं लागलं हे कळलं की लांबच्या प्रवासाला डिकीत किती कॅन ठेवायचे तेही कळेल.